तोंड रस्त्याकडे

त्या दिवशी सकाळी पावणेसातला मामीला दम लागला. गाडी खाली उभी होती. ती सुरू झाली नाही. साडेसातला मामी गेली.

अनंतमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्याची एक खोली होती. तिच्यात तो आणि मामी. मूलबाळ नव्हतं. त्याच चाळीच्या तळमजल्यावर आमच्या गावाचा गाळा होता. गाळा म्हणजे गावच्या मंडळाने पूर्वी कधीतरी घेतलेली सामाईक खोली. कोकणातून गिरणीत कामाला आलेल्या गावच्या कोणत्याही माणसाने तिथे येऊन पथारी टाकावी, त्याला नाही म्हणायचा अधिकार कोणालाच नव्हता. मी त्या गाळ्यात राहून कॉलेज केलं आणि जेवलो मामीच्या हातचं. पुढे गिरगावातल्या एका वाचनालयात नोकरीला लागलो, तरी राहिलो गाळ्यातच. माझं अक्षर चांगलं म्हणून मंडळाने मला चिटणीस केलं. हे सांगायला हवं, कारण पुढे त्या अक्षराचा संबंध येतो.

मामा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर होता. पंचवीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याचे कान अधू झाले होते. माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. यंत्राचं बोलणं मात्र त्याला आमच्यापेक्षा जास्त ऐकू यायचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची रीत. "माणूस तोंडान बोलता, साचो हाडान बोलता," असं तो म्हणायचा. मुंबईत सगळी हयात गेली, तरी त्याचं बोलणं अर्धं गावचंच राहिलं.

संप झाला, लांबला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही. गाळ्यातली माणसं एकेक करून गावी गेली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झालं. मामा चाळिशी ओलांडल्यावर माझगावच्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून उभा राहिला. ज्याच्या हाताखाली वीस माणसं होती, तो नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायला बसला. मामी एकदा म्हणाली, "अहो, लोक बघतात." मामा म्हणाला, "बघू दे. साच्यातले तेल आणि गाडीतले तेल, हाताक दोन्ही सारखीच." दोन वर्षांत त्या गॅरेजात त्याला सोडून दुसऱ्या कोणाला इंजिन उघडायला सांगत नसत.

संपाला बारा-तेरा वर्षं होऊन गेल्यावर गाळ्यातल्या शिवरामतात्यांच्या छातीत कळ आली. नाक्यावरचे दोन टॅक्सीवाले नाही म्हणाले. शेवटी त्यांना भाजीच्या हातगाडीवर घालून नेलं आणि ते वाटेतच गेले. बाराव्याला मंडळाची सभा भरली. आजाऱ्यासाठी मंडळाची एक गाडी असावी असं ठरलं. कोणती, कशी, हे मामावर सोपवलं.

मामाने एक जुनी लहान गाडी हेरली. त्या वर्षांत कुठल्याही गल्लीत दिसायची तशी, मागच्या बाजूला वर उघडणाऱ्या पाचव्या दाराची. रंग मूळचा पांढरा, आता सायीचा. बघायला मंडळाचे अध्यक्ष धोंडूकाका, मी आणि दोघे-तिघे माझगावला गेलो. विकणारा गाडीची तारीफ करत होता. मामाने त्याला हाताने थांबवलं आणि आमच्याकडे वळला.

"आधी वाईट ऐका," तो म्हणाला. "पत्रा वनस्पती तुपाच्या डब्यापेक्षा पातळ. कोणी बाजूने ठोकली तर दार आणि माणूस यांच्यात देवच. चटई उचला. बघा, तळाला गंज. पावसाळ्यात पाय भिजतील. चाकं बारीक, एक खड्डा सोडणार नाही. मागे तीन जाडी माणसं बसवली की बूड टेकते आणि दिवे झाडावर उजेड पाडतात. तसे दिवे म्हणजे निरांजनच. बॅटरी लहान. तिला गाणी ऐकवायची नाहीत."

विकणारा म्हणाला, "अरे काका, तुम्ही घेताय की मोडीत काढताय?"

"घेतोय म्हणून सांगतोय," मामा म्हणाला. "आता चांगलं ऐका. सकाळी अर्ध्या चावीत उठते. तीन सिलिंडर. लोक नाव ठेवतात, तीनच म्हणून. चार पायांचं टेबल डगमगतं, तिपाई कधी डगमगली? आपल्या चाळीच्या बोळात मांजरीसारखी वळते. रुसली तर दोन माणसं ढकलून चालू करतात, इतकी हलकी. पोटात कमी घालावं लागतं. आणि हे." त्याने पाचवं दार वर उचललं, एका हाताने मागची सीट पाडली, आणि चप्पल काढून स्वतः आत तिरका आडवा झाला. पाय पुढच्या सीटच्या फटीत घातले. "शिवरामतात्या मावले असते," तो आतून म्हणाला.

गाडी त्या दिवशी घेतली.

मामाने गाडीला तीन सवयी लावल्या. रोज सकाळी सहाला ती दहा मिनिटं चालू ठेवायची. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि तोंड रस्त्याकडे. चाळीच्या आवारात भिंतीला लागून तिची जागा होती. मामा कितीही दमून आला, पाऊस असला, मागे कोणी हॉर्न मारत असलं, तरी तो आधी गाडी फिरवायचा, पाठ भिंतीला लावायचा आणि मगच उतरायचा. धोंडूकाकांनी एकदा विचारलं, "अनंता, सकाळी फिरवलीस तर काय बिघडेल?" मामा म्हणाला, "आजारी माणूस रिव्हर्सची वाट बघूचो नाय."

हॉस्पिटल गाडीने सात मिनिटांवर होतं. मामाने ती सात मिनिटं वेगवेगळ्या वेळी जाऊन मोजली होती. त्या गाडीतून बाळंतिणी गेल्या, पाय मोडलेले गेले, काविळीवाले गेले. एक बाई वाटेतच बाळंत झाली, मामाने तोंड रस्त्याकडे ठेवून, मागे न बघता गाडी चालवली आणि पोचल्यावर म्हणाला, "बसले होते तिघे, उतरले चौघे." आणि मामी. मामीचा दम जुना. वर्षातून दोन-तीनदा तिला न्यावं लागे. ती आडवी होऊ शकत नसे, मागे ताठ बसे. बरी होऊन परत येताना मात्र तिला बोलायला सुचायचं. "या गाडीत बसायचं म्हणजे गुडघे तोंडात धरायचे. ज्याने बनवली त्याला बायको नसणार." मामा दार उघडून हात द्यायचा. ती हात घ्यायची आणि म्हणायची, "आता ओढा. भरली गोण समजून ओढा."

चांगली वस्तू दारात उभी असली की लोकांना चैन पडत नाही. एकाला साखरपुड्याला विरारला जायचं होतं. एकाला दादरहून कपाट आणायचं होतं. एकाला गणपतीत गावी जायचं होतं, सात माणसं आणि सामान. मामा सगळ्यांना एकच सांगायचा. "ती आजाऱ्याची आहे." लोक हसायचे, मग कुजबुजायचे, मग चिडायचे. धोंडूकाका गाळ्यात बसून म्हणायचे, "गाडी मंडळाची की अनंताची?"

शेवटी सभा बोलावली. मी चिटणीस, कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो. धोंडूकाकांनी मुद्दा मांडला, आणि तो ऐकायला फार सरळ होता. गाळा सगळ्यांचा, गाळ्यात कोणी कोणाला नाही म्हणत नाही. मग गाडीला वेगळा कायदा कशाला? गाळ्यात पथारी टाकायला जशी पाळी, तशी गाडीला पाळी. किल्ली गाळ्याच्या दारामागच्या खिळ्यावर राहील. ज्याची पाळी, त्याने न्यावी.

आमच्या माणसांची ही चूक मला आजही गिळता येत नाही. खोली वाटून घेता येते. खोलीत दहावा माणूस आला की नऊ जण अंग चोरतात आणि खोली काही बोलत नाही. गाडी अशी वाटता येत नाही. तिची काळजी एकानेच घ्यावी लागते. हे त्या खोलीत दोन माणसांना कळत होतं. त्यातला एक उठून उभा राहिला.

मामा म्हणाला, "पाळी लावा, ना नाही. पण रात्री ती इथे होयी. टाकी अर्धी, तोंड रस्त्याकडे. एवढं लिहून घ्या."

धोंडूकाका मान खाली घालून, शेजारच्याला सांगावं तसं म्हणाले, "याला बायकोसाठी दारात अँब्युलन्स पाहिजे."

दोघे-तिघे हसले. मामाला ऐकू गेलं नव्हतं, ओठ अर्धेच दिसले होते. त्याने माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाला?"

मी म्हणालो, "गाडी सगळ्यांची आहे, म्हणतायत."

मामाने माझ्या ओठांकडे बघितलं, मग धोंडूकाकांच्या. "तसा नाय म्हणाला तो," तो म्हणाला. मग सभेकडे वळून त्याने शांतपणे सांगितलं, "होय धोंडू. माझ्या बायकोसाठी. आणि तुझ्या बायकोसाठी पण. तिला साखर आहे ना?"

हात वर झाले. मामाचा हात वर गेला नाही. माझाही गेला नाही, कारण माझ्या हातात पेन होतं. हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला दिलं. मी लिहिलं, "गाडी पाळीने वापरण्याचा ठराव एकमताने मंजूर." आमच्या मंडळात प्रत्येक ठराव एकमतानेच मंजूर व्हायचा. तशी लिहायची रीत होती. मामाची ती तीन वाक्यं, रात्री इथे, टाकी अर्धी, तोंड रस्त्याकडे, त्यांतलं एकही मी लिहिलं नाही. कोणी लिही म्हटलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

मामाने किल्ली स्वतः नेऊन खिळ्यावर लावली. त्यानंतर तो सकाळी सहाला खाली येऊन नुसता गाडीभोवती फिरायचा. टायर दाबून बघायचा. ज्याची पाळी असेल त्याला जिन्यात गाठून सांगायचा, "वाकडी लावलीस रे." तो म्हणायचा, "हो मामा, लक्षात ठेवतो," आणि निघून जायचा. गाडीत माशांच्या टोपल्यांचा वास बसला, मागची काच तडकली, टाकीचा काटा कायम तळाला. मामीला दम लागला की आता मामा नाक्यावर टॅक्सीसाठी धावायचा. दोनदा मिळाली.

मग धोंडूकाकांच्या मुलीचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी आवारात हळद होती. गाडीची पाळीही त्यांचीच. लाऊडस्पीकरवाला आला नाही, तेव्हा कोणाला तरी सुचलं की गाडीत टेप आहे आणि त्याचे स्पीकर मागच्या बाजूला आहेत. त्यांनी गाडी फिरवली. तोंड भिंतीकडे, पाठ मांडवाकडे. पाचवं दार वर केलं. ज्या दारातून आजारी माणूस आत घ्यायचा, त्यातून दुपारभर आणि संध्याकाळभर गाणी वाजत राहिली. इंजिन बंद. मामा एकदा खाली आला आणि धोंडूकाकांना म्हणाला, "बॅटरी बसेल." ते म्हणाले, "अनंता, आज तरी?" घरात लग्न होतं. मामा वर गेला. रात्री पाहुण्यांसाठी मांडव आणखी पुढे वाढवला, आणि त्याचे दोन बांबू गाडीच्या मागच्या चाकांमागे रोवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मामाने मला हाक मारली. मी आणि तो मामीला खुर्चीत बसवून खाली घेऊन आलो. तिचे ओठ निळे पडत होते. मामाने खिळ्यावरून किल्ली घेतली. चावी फिरवली. टक् असा आवाज आला, मग तोही आला नाही. तो उतरला. ढकलायची म्हटली तर पुढे भिंत. मागे बांबू. लोक धावून आले, धोंडूकाकाही आले, अंगाला हळद लागलेली तशीच. बांबू बांधलेलं सुंभ सुटेना, कोणी कोयता आणायला गेलं. माझ्याच्याने बघवेना म्हणून मी टॅक्सीसाठी नाक्यावर पळालो. टॅक्सी न मिळता परत आलो तेव्हा बांबू निघाले होते, गाडी मागे ओढून वळवली होती आणि चार माणसं तिला ढकलत होती. ती सुरूही झाली. मामा सांगायचा तशीच, ढकलल्यावर लगेच. तोपर्यंत मामी खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. मामाने इंजिन बंद केलं नाही. ते तसंच चालू होतं, बराच वेळ.

लग्न झालं. मुहूर्त दुपारचा, हॉल दादरला, पाहुणे गावाहून आलेले. अर्धी चाळ स्मशानात आली, अर्धी हॉलवर गेली. यात कोणाचं काय चुकलं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे.

तेराव्यानंतर धोंडूकाका किल्ली घेऊन वर आले. दारातच उभे राहिले. "अनंता, ही तुझ्याकडेच राहू दे. तू म्हणत होतास तेच खरं." मला वाटलं, मामा दार लावून घेईल. मामाने हात पुढे केला आणि विचारलं, "तुझी सून पोटुशी आसा मां? कितवा?"

"आठवा."

"मगे बॅटरी नवी टाकूक होयी," मामा म्हणाला, आणि चपला घालून खाली गेला.

महिन्याभराने त्याने धोंडूकाकांच्या सुनेला हॉस्पिटलात पोचवलं. सात मिनिटांत. पेढे आले तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. मामा मागे आला. मी त्याला विचारलं, "तुला राग येत नाही?"

"येता," तो म्हणाला. "पण रागान गाडी चालू होत असती, तर त्याच दिवशी झाली असती."

"माझ्यावर? मी लिहिलं ते."

तो खालच्या गाडीकडे बघत होता. "तू माका खोटा सांगलंस, सभेत," तो म्हणाला. "तो बोलला ते माका कळलाच. तू ते चार माणसांत मोठ्याने सांगलं असतंस तर मी तेव्हाच भांडलो असतो. आता भांडून हॉस्पिटलात कोणाक नेऊचा?" मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चल, तुला गाडी शिकवतो."

त्याने मला रविवारी पहाटे वरळीला नेऊन गाडी शिकवली. मी वाईट शिष्य होतो. क्लच सोडताना गाडी उडी मारायची. एकदा मी धोंडूकाकांबद्दल काहीतरी बोलत बोलत चालवत होतो आणि वळणावर गाडी बंद पाडली. मामा म्हणाला, "या गाडीत पाच माणसांची जागा. राग सहावा. तेका उतरव, मगे गियर टाक." मी गाडी चालवायला शिकलो. रागाला उतरवायला शिकलो नाही. त्याबद्दल मी त्याच्यावरही रागावलो. ज्या माणसाची बायको अशी गेली, त्याने खुन्नस धरायला हवी होती. निदान एकदा तरी चार माणसांत बोलायला हवं होतं. तो बोलला नाही, म्हणून त्यांना वाटलं की हिशेब मिटला.

मामा आणखी अकरा वर्षं जगला. गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली, तिच्या तळघरात गाड्यांच्या रांगा लागल्या. मामाची गाडी तिच्या जागी, पाठ भिंतीला. शेवटच्या वर्षी एका पहाटे त्याच्याच छातीत दुखायला लागलं. मी सीट पाडली, पाचव्या दारातून त्याला आत घेतलं, पाय पुढच्या सीटच्या फटीत घातले. किल्ली अर्धी फिरवली आणि ती उठली. वाटेत तो मागून म्हणाला, "दुसऱ्यात घे. ओढतेय ती." मी दुसऱ्यात घेतली. आम्ही सात मिनिटांत पोचलो. तो तीन दिवस जगला आणि त्या तीन दिवसांत त्याने मला दोनदा विचारलं की टाकीत किती आहे.

शोकसभा गाळ्यात झाली. भिंतीवर मामाचा फोटो, गाडीला टेकून उभा असलेला. धोंडूकाका थकले होते, तरी बोलले. अनंताने मंडळाची निःस्वार्थ सेवा केली, म्हणाले. त्याची तळमळ आम्हाला तेव्हा कळली नाही, म्हणाले. डोळे पुसले, आणि ते खोटे नव्हते. शेवटी कोणीतरी मला इतिवृत्त लिहायला वही दिली. मी मागची पानं उलटून तो ठराव काढला, "एकमताने" हा शब्द खोडला, आणि त्याखाली लिहिलं की अनंत यांचा विरोध होता, आणि त्यांच्या तीन अटी होत्या. अटी लिहिल्या. मग चिटणीसपद सोडलं. ती खाडाखोड त्यानंतर कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

गाडी पुढे मोडीत गेली. तिची मागची सीट चाळीच्या गॅलरीत बाकासारखी ठेवली आहे, आणि लोक तिच्यावर बसून पेपर वाचतात. किल्ली माझ्याकडे आहे. भिंतीलगतच्या जागेवर आता धोंडूकाकांच्या मुलाची मोठी गाडी असते. तिचं तोंड भिंतीकडे असतं.